फुकटाची कदर

आमच्या जुन्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय. तिकडच्या, म्हणजे भारतातल्या, एका सॉफ्टवेअर परिषदेचं शुल्क यंदा वाढलं. एका मित्राचं म्हणणं, 'कमी ठेवलं की लोक नुसती नावं नोंदवतात, येत कुणी नाही. फुकटाची कदर नसते.'

मी ब्रसेल्सला राहतो. इथे दर हिवाळ्यात यूएलबी विद्यापीठाच्या वर्गांमध्ये फॉस्डेम हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन भरतं. तिकीट नाही, नावनोंदणीसुद्धा नाही. तरी खोल्यांच्या दारावर 'फुल्ल'चे कागद लागतात आणि माणसं बोळात ताटकळतात. कदर कमी दिसत नाही. नसतं ते पंचतारांकित हॉटेल, बुफे आणि गळ्यातला पट्टा.

मित्राने लगेच पायकॉन यूएस, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं अमेरिकेतलं संमेलन, पुढे केलं: 'तिथे वक्तेही तिकीट काढतात!' काढतात, आयोजकही काढतात. पण ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तिथे मदतीची वेगळी तरतूद असते, ते सोयीस्कर गाळलं. आणि 2023 मध्ये डेबकॉन्फ, म्हणजे डेबियन या मुक्त संगणकप्रणालीवाल्यांचं संमेलन, कोचीला झालं, तिथे साधी नोंदणी फुकट होती, त्याबद्दल चकार शब्द नाही. आपल्याच अंगणात झालं ना!

अशा परिषदांत गरजूंसाठी मदत जाहीर होते, पण देण्याची रीत बघा. 'आधी तुम्ही भरा, बिलं पाठवा, मग देऊ.' म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानेच उसनवारी करून विमानाचं तिकीट काढायचं आणि परिषद उरकल्यावर परतफेडीची वाट बघायची. त्यात अर्ली बर्डची, म्हणजे लवकर नोंदणी करणाऱ्यांच्या स्वस्त दराची, मुदत मदतीचा निकाल लागायच्या आधीच संपते, म्हणजे नकार आला की वर जादा भुर्दंड. किमान ही तारीख पुढे ढकलायला तरी प्रायोजक लागत नाही.

'तुला बोलायला काय जातंय, तुझं ऑफिस भरतं,' मित्राने सुनावलं. खरंय, भरतं.

मग त्या तिकडच्या परिषदेच्या नोंदणीचं पान उघडलं. विद्यार्थी, वैयक्तिक, कंपनी आणि शेवटी, सगळ्यात महाग, 'परदेशस्थ'. ज्याला परवडतं त्याने जास्त भरावं, हे मीच कायम ओरडून सांगत आलोय. तरी तो रकाना बघून चडफडलो. 'माझा पासपोर्ट अजून तिकडचाच आहे,' असं ग्रुपवर लिहिलंसुद्धा.

'आणि पगार?' मित्राने विचारलं.

भरले पैसे, पण स्वतःच्या खिशातून. ऑफिसचं पत्र घेऊन तिथे पाहुण्यासारखं जायला मन घेईना.