स्वयंचलित गाडीचा अपघात : जबाबदार कोण?

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेम्पी शहरात उबरच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. पुढे तपासात असे आढळले की गाडीच्या यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती. परंतु समोर आहे ते वाहन, सायकल की आणखी काही, याबाबतचा यंत्रणेचा निष्कर्ष सारखा बदलत राहिला. मूळ व्होल्वो गाडीतील आपत्कालीन ब्रेकची सोयही चाचणीदरम्यान बंद ठेवलेली होती आणि गाडीत देखरेखीला पूर्वी दोन माणसे असत, तिथे कंपनीने एकच ठेवले होते. यांपैकी एकही निर्णय त्या रात्री गाडीत बसलेल्या चालिकेचा नव्हता. तिचे लक्ष रस्त्यावर नव्हते हे खरे, आणि तो दोष तिचाच. तरीही फौजदारी खटला एकट्या तिच्यावर चालला आणि कंपनीवर गुन्हा बसत नाही असे सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच ठरवले, हे मला अन्यायाचे वाटते. तासन्‌तास काही करायचे नाही आणि नेमक्या क्षणी मात्र सावध असायचे, ही अपेक्षा माणसाकडून पुरी होत नाही, हे अशी यंत्रणा बनवणाऱ्यांना ठाऊक असते.

ब्रिटनने या बाबतीत वेगळी वाट धरली आहे. मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असताना झालेल्या चुकीसाठी आत बसलेल्या व्यक्तीला गुन्हेगार धरायचे नाही, असे तेथील २०२४ चा कायदा सांगतो. त्याआधीच्या २०१८ च्या कायद्यानुसार विमा कंपनीने आधी भरपाई द्यायची आणि मग उत्पादकाकडून वसूल करायची. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण रुग्णालयात पडलेल्या माणसाने सॉफ्टवेअरमधला दोष शोधून सिद्ध करावा, हे होणे नाही.

खरी अडचण पुराव्याची आहे, कारण अपघाताची सगळी नोंद कंपनीच्याच ताब्यात असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ या कंपनीच्या चालकविरहित गाडीने, आधी दुसऱ्या गाडीची धडक बसलेल्या एका महिलेला सुमारे २० फूट फरफटत नेले. नियामक संस्थेला दिलेल्या अहवालात या फरफटीचा उल्लेखच नव्हता आणि तो अहवाल खोटा असल्याचे कंपनीने पुढे कबूल केले. म्हणून युरोपीय संघाच्या २०२४ च्या उत्पादन-दायित्व निर्देशातील (म्हणजे सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी ठरवणाऱ्या नियमांतील) तरतूद मला सर्वत्र हवीशी वाटते : न्यायालयाने मागितलेला पुरावा कंपनीने दिला नाही, तर उत्पादन सदोष होते असेच गृहीत धरले जाईल आणि ते तसे नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर राहील.