मिठाच्या पाण्याने झेरॉक्स पुसली जात नाही

'घरातली जुनी गोपनीय कागदपत्रं नष्ट करण्याचे पाच सोपे उपाय' हा मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. उपाय असे: कागदाचे चार तुकडे करून रद्दीत द्या, मिठाच्या पाण्यात तासभर भिजवा म्हणजे शाई विरघळते, आधार-पॅनचा नंबर मार्करने काळा करा, उरलेलं गच्चीवर जाळा, आणि पाच वर्षांपूर्वीचं सगळं बिनधास्त टाका, कारण डिजिलॉकर आहे. माझ्या काकांनी हे वाचून बादली भरली होती आणि शेजारी खरेदीखताची फाइल काढून ठेवली होती, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात वेडगळ उपाय पाण्याचा, तोच आधी घेतो. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटमध्ये शाई नसतेच. टोनर म्हणजे रंग मिसळलेली प्लॅस्टिकची बारीक पूड; काळ्या टोनरमध्ये तो रंग कार्बनचा. मशीनमधला तापलेला रोलर ही पूड वितळवून कागदाला चिकटवतो. प्लॅस्टिक पाण्यात विरघळत नाही, त्यात मीठ घाला नाहीतर लिंबू पिळा. तासाभराने कागद लिबलिबीत झालेला असतो आणि आधारचे बारा आकडे जसेच्या तसे असतात. वाळवला की त्याची परत झेरॉक्स निघते. बॉलपेनची शाई तेलकट, तीही पाण्याला दाद देत नाही, म्हणजे सहीसुद्धा शाबूत. पसरते ती फाउंटन पेनची शाई आणि काही इंकजेट प्रिंट, बस. काहींनी या मेसेजला 'ब्लीच घाला' अशी पुस्ती जोडली आहे. ब्लीच रंग उडवतं, कार्बन नाही. त्यात चुकून टॉयलेट क्लीनरसारखं आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. घरात हा प्रयोग करूच नका.

अर्धसत्य एवढंच, की पाणी अक्षरं घालवत नसलं तरी कागदाचे तंतू मोकळे करतं. त्याचा उपयोग करायचा तर पुरता लगदा करावा लागतो. स्टेपलच्या पिना काढा, दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करा, १० लिटरच्या बादलीत साधारण ५० पानं घ्या, कोमट पाणी घालून रात्रभर ठेवा. सकाळी हाताने कुस्करा, काठीने घुसळा. नखाएवढा तुकडाही सलग राहता कामा नये. मग जुन्या फडक्यात घट्ट पिळून गोळे करा, वाळवा आणि सुक्या कचऱ्यात द्या. गाळल्याशिवाय पाणी मोरीत ओतू नका, लगद्याने पाइप तुंबतो. पानं कोंबून भरली की गठ्ठ्याच्या मधली पानं सुटी होत नाहीत, आणि नेमकी तीच वाचता येतात. लॅमिनेट केलेले कागद आणि प्लॅस्टिकची कार्डं यांचा लगदा होत नाही; ती कात्रीने कापा. कार्डाची चिप, पट्टी, नंबर आणि सही, प्रत्येकावरून कात्री गेली पाहिजे.

आता चार तुकडे. ए-४ पानाचा चौथा तुकडा साधारण १०.५ बाय १५ सेंटीमीटरचा होतो. त्यावर अख्खा खातेनंबर आरामात मावतो, आणि चारही तुकडे एकाच रद्दीच्या पिशवीतून जातात. रद्दी काही थेट कागद गिरणीत पोचत नाही. एका बाजूने कोरे कागद शेंगदाण्याच्या पुड्यांनाही लागतात. हाताने फाडणं किती कुचकामी आहे, हे पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस खात्याच्या कागदांवरून जगाला कळलं. १९८९-९० मध्ये त्यांच्या लोकांनी घाईघाईने फाडलेल्या कागदांची पंधरा हजारांहून जास्त पोती सापडली. त्यातल्या शेकडो पोत्यांतले कागद माणसांनी नुसत्या हातांनी जुळवून वाचले.

श्रेडर, म्हणजे कागद बारीक कापणारं मशीन, घेणार असाल तर खोक्यावर सुरक्षा पातळी बघा. कागद कापण्याच्या आयएसओ/आयईसी २१९६४ या मानकात पी-१ ते पी-७ अशा पातळ्या आहेत. पी-२ म्हणजे ६ मिलिमीटरपर्यंतच्या लांब पट्ट्या, ए-४ पानाच्या जेमतेम ३५. पी-४ मध्ये प्रत्येक तुकडा १६० चौरस मिलिमीटरच्या आत, म्हणजे त्याच पानाचे जवळजवळ चारशे. पट्टीवाल्या मशीनचा एक धोका दुकानदार सांगत नाही. आडव्या पानावर छापलेलं बँक स्टेटमेंट अरुंद बाजूने आत सोडलं की छापील ओळी पात्यांना समांतर येतात. ६ मिलिमीटरच्या पट्टीवर तारीख, नाव, रक्कम अशी आख्खी ओळ सलग बाहेर पडते. म्हणून घरी क्रॉस-कट, म्हणजे उभं-आडवं दोन्ही कापणारं, पी-४ मशीन घ्या. ८ पानांची क्षमता लिहिली असेल तर ५-६ च घाला आणि मोटार तापली की थांबा.

मार्करवर फार वेळ घालवत नाही. कापसावर सॅनिटायझर घेऊन पुसा: परमनंट मार्कर अल्कोहोलने निघतो, खालचा टोनर राहतो. प्रत कुणाला द्यायचीच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

जाळण्याचं म्हणाल, तर गठ्ठ्यात हवा शिरत नाही. कडा जळतात आणि मधली पानं वाचण्याजोगी उरतात. शिवाय उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे.

सगळ्यात घातक मुद्दा पाचवा. पाच वर्षांपूर्वीची वीजबिलं आणि मिटलेल्या खात्यांची पासबुकं जाऊ द्या, इथपर्यंत मान्य. पण आयकराच्या फेरतपासणीची मुदत काही प्रकरणांत पाच वर्षांच्या पुढे जाते. विवरणपत्रं आणि त्यांचे पुरावे आठ वर्षं ठेवा. सरकारी खात्याने थेट डिजिलॉकरमध्ये दिलेला दाखला मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानतात, हे खरं. आपण स्कॅन करून चढवलेल्या कागदाला तो मान नाही. मूळ खरेदीखत कधीही फाडू नका: दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते, पण तारण ठेवायला बँक मूळच मागते. घराच्या नूतनीकरणाची बिलंही ठेवा, कारण विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात तो खर्च दाखवायला पुरावा लागतो. कागदी शेअर प्रमाणपत्रं असतील तर डीमॅट करायला मूळ प्रमाणपत्रच द्यावं लागतं. ती रद्दीच्या ढिगातून आधी बाजूला काढा, मगच बादली भरा.