सायकॉलॉजीसाठी शेत विकायला लावणारा तो मेसेज

माझी धाकटी बहीण अमळनेर तालुक्यात दिलेली आहे. तिची मुलगी यंदा बारावी झाली आणि तिला मानसशास्त्र शिकायचं आहे. गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला बहिणीचा फोन आला. आधी एक मेसेज पाठवून ठेवला होता, मग विचारलं, "भाऊ, हाई खरं शे का?" तिचं पुढचं बोलणं ऐकून माझी झोपच उडाली. मेहुण्यांनी विहिरीकडच्या दोन बिघ्यांची बोलणी सुरू केली होती.

हा मेसेज माझ्याकडे आधीच तीन-चार ग्रुपांवरून आला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. त्यात म्हटलंय ते असं: खान्देशातल्या कॉलेजच्या सायकॉलॉजीच्या डिग्रीला काही किंमत नाही, पुण्या-मुंबईच्या खाजगी विद्यापीठातच जा. बी.ए. नको, बी.एस्सी.च घ्या. नॅकची (कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) ए++ ग्रेड बघा आणि डोळे झाकून प्रवेश घ्या. मराठी माध्यमाच्या मुलांनी या वाटेला जाऊ नये. आणि ज्यांना फी झेपत नाही त्यांनी घरबसल्या ऑनलाइन बी.ए. करून सोबत सहा महिन्यांचा डिप्लोमा घ्यावा, की 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'चा बोर्ड लावता येतो. खाली एक मोबाईल नंबर, आणि जागा धरून ठेवायला ११ हजार रुपये.

मी एम.ए. उमविमधून, म्हणजे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून केलं आणि चौदा वर्षं जळगावात समुपदेशनाचं काम करतोय. शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात पेशंटच्या जिवाशी गाठ आहे.

सहा महिन्यांत कोणीही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. हे माझं मत नाही, कायदा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २ मध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' कोणाला म्हणायचं याची व्याख्याच दिली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता हवी. किंवा मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटबरोबर काम करून. बारावीपासून मोजा, तीन अधिक दोन अधिक दोन, सात वर्षं होतात. हे एम.फिल.ही आता चालू राहणार नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एम.फिल. बंद करताना क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची आरसीआयची मान्य संस्थांची यादी उघडायची, संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं नाव त्यात शोधायचं. नाव नसेल तर माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असू दे, तिथून उठायचं.

आमच्या ओळखीतल्या एका घरातलं सांगतो. तेवीस वर्षांचा मुलगा, मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू, कामावर परत जायला लागलेला. कुणीतरी त्याला असाच बोर्ड लावलेल्या माणसाकडे नेलं. त्या माणसाने सांगितलं, गोळ्यांची सवय लागते, बंद कर, मी तुझं मन मजबूत करतो. सायकॉलॉजिस्टला औषध लिहून द्यायचा अधिकार नसतो, मग डॉक्टरांनी लिहिलेलं औषध तो बंद कसं करतो? तीन आठवड्यांनी तो मुलगा रात्री घरातून निघून गेला, पहाटे रेल्वे फाटकाजवळ सापडला. मी गेलो तेव्हा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर गोळ्यांची पट्टी तशीच होती, चार गोळ्या फोडलेल्या, सहा शिल्लक. आई म्हणाली, "सर म्हटले ना, नको." आज तो मुलगा बरा आहे, उपचार पुन्हा सुरू झाले. पण मला तो मेसेज वाचताना ती पट्टी आठवते, आणि माझी भाची उद्या तसाच बोर्ड लावून बसावी असं मला वाटत नाही.

त्याच मुद्द्याचा दुसरा भाग, घरबसल्या ऑनलाइन बी.ए. ही वाटच बंद झाली आहे. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देण्यास विद्यापीठांना मनाई केली. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ चा जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा आहे, त्यात मानसशास्त्र येतं, म्हणून. ज्यांचे प्रवेश त्याआधी झाले त्यांनी घाबरायचं कारण नाही. पण आज जो कोणी ११ हजार घेऊन ऑनलाइन सायकॉलॉजीची जागा धरून ठेवतो, तो काय विकतोय हे त्याला पावती मागून विचारा.

आणि हा विषय मोबाईलवर का शिकता येत नाही तेही सांगतो. आम्हाला प्रात्यक्षिकाला 'मिरर ड्रॉइंग' होतं. कागदावर चांदणी छापलेली, हात पडद्याआड, दिसतं ते फक्त आरशात. तिच्या रेषेवरून पेन्सिल फिरवायची. हात पुढे न्यावा तर वाटतं मागे चाललाय, कोपऱ्यावर पेन्सिल अडून थरथरते. समोरचा वेळ मोजतो, चुका मोजतो, आणि तुमचा चेहरा बघून नोंद करतो. मग वहीत तक्ता, सरासरी, प्रमाण विचलन. दुसऱ्या माणसाकडे बघायची सवय तिथून लागते. (गणित नको म्हणून सायकॉलॉजी घेणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवा, सांख्यिकी शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.)

आता 'खान्देशातल्या डिग्रीला किंमत नाही.' उमवि १९९० पासून आहे, यूजीसीमान्य राज्य विद्यापीठ आहे. इथली बी.ए. मानसशास्त्र घेऊन एम.ए.ला बाहेर अर्ज करता येतो, एम.ए.ला ५५ टक्के मिळवून नेट, म्हणजे प्राध्यापक होण्याची पात्रता परीक्षा, देता येते. नियमात गावाचं नाव कुठे येत नाही. मात्र यात थोडं खरं आहे आणि ते मी नाइलाजाने का होईना मान्य करतो. आपल्याकडच्या काही कॉलेजांत मानसशास्त्राला एकच प्राध्यापक, प्रयोगशाळेला कुलूप, आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या मागच्या वर्षीच्या मुलांकडून उतरवलेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि मोठी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला आहेत, खान्देशात नाहीत. क्लिनिकलला जायचं तर पुढे कधीतरी बाहेर पडावं लागणारच. पण ते एम.ए.च्या वेळी किंवा त्यानंतर. बी.ए.च्या तीन वर्षांसाठी लाखाची फी आणि पुण्याचं भाडं कशासाठी? दोन बिघे विकायचेच म्हटलं तर ते आज विकून पुढच्या, खऱ्या प्रशिक्षणाच्या वेळी हातात काय उरणार?

बी.ए. की बी.एस्सी.? नेटला दोन्ही एकाच रांगेत. विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य म्हणून आहे का, हे बघा, ते महत्त्वाचं. नॅकची ग्रेड अख्ख्या संस्थेची असते, मानसशास्त्र विभागाची नाही. ए++ संस्थेतही हा विभाग एका खोलीचा असू शकतो.

मराठी माध्यमाचं मात्र मला लागलं. एम.ए.पासून इंग्रजी पुस्तकं वाचावी लागतात, कबूल, त्याची तयारी पहिल्या वर्षापासून करावी. पण माझ्यासमोर जी बाई बसते ती यावलची असते, शिरपूरची असते, तिला अहिराणीत बोलता आलं की ती घरातलं सांगायला लागते. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या माणसाला तर मराठीसुद्धा परकी. त्यांचं दुखणं त्यांच्या बोलीत कळणारी मुलं या विषयात यायला हवीत, आणि हा मेसेज नेमका त्यांनाच दारातून परत पाठवतो.

बहिणीला मी त्याच रात्री सांगितलं, शेताची बोलणी थांबवा, त्या नंबरवर एक रुपया पाठवू नका. शनिवारी मी अमळनेरला जातोय. भाचीने प्रश्न वहीत लिहून ठेवलेत: या विषयाला शिक्षक किती, तिसऱ्या वर्षी मानसशास्त्र मुख्य विषय घेता येतो का, प्रात्यक्षिकं कोणत्या दिवशी होतात. आम्ही दोघं कॉलेजात जाऊन आधी प्रयोगशाळेचं दार उघडून दाखवा म्हणणार आहोत, फॉर्म त्यानंतर.