काका, शकुंतला रिकामी धावत नव्हती

काका, नमस्कार.

यवतमाळच्या बंद स्टेशनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. एस.टी.त उभी हयात काढलेला माणूस शकुंतलेबद्दल, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या त्या छोट्या रेल्वेगाडीबद्दल, हळवं लिहिणार नाही, हे मान्य. तुमचं म्हणणं : इंग्रजांनी कापूस न्यायला टाकलेल्या रुळांवर गहिवरू नये; रिकामी, हळू डुलत जाणारी गाडी बंद पडली तर पडली; आणि ‘इंग्रजांना अजून भाडं जातं’ ही थाप मी छापली.

शेवटच्या मुद्द्यात चूक माझी. लाईन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार किलिक निक्सनचा. ही पेढी मुळात इंग्रजांची, पण स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेली. पैसे कंपनीला जायचे हे खरं. राणीच्या तिजोरीत जायचे, ही वरून दिलेली फोडणी. मीही ती चवीनं खाल्ली. लेखात दुरुस्ती केली आहे.

कापसाचं म्हणाल तर वाद नाहीच. १९०२ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतला, आणि पुढच्या दीड दशकात ही अडीच फुटी (दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली) लाईन उभी राहिली. यवतमाळच्या जीनमध्ये सरकी काढायची, प्रेसमध्ये गाठी बांधायच्या, मूर्तिजापूरला त्या मोठ्या गाडीत चढवायच्या, की मुंबई बंदर आणि पुढं मँचेस्टर. गंमत बघा, १९२१ साली बनलेलं इंजिनही मँचेस्टरचंच! ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत राहिलं. हे मी लेखात दोन ओळींत उरकलं होतं. तिथं तुमचा राग रास्त आहे.

पण ‘रिकामी’ नाही हं, काका. आणि ‘हळू’ म्हणताना ती हळू का झाली तेही बघा. १९५१ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला ही जुनी रेल्वे) जाऊन मध्य रेल्वे आली, तरी हे रूळ कंपनीचेच राहिले. गाडी चालवायची रेल्वेनं, मालकी कंपनीची. घर एकाचं, बिऱ्हाड दुसऱ्याचं. कौलं कोण बदलणार? रूळ झिजले, वेग ताशी वीस किलोमीटरवर आला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, म्हणजे दिवसच गेला. मधेच गाडी थांबायची, माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडं गेली की उघडून पुन्हा चढायचा. घाई असलेला माणूस तुमच्याकडं येणारच. उरले ते एस.टी.चं तिकीट न परवडणारे. माझी आजी दारव्ह्याहून चढायची, दोन बोचकी आणि एक कोंबडी घेऊन. तिला वेळ होता, पैसे नव्हते. डबा भरलेला असायचा तो अशाच लोकांनी.

आता वर्ध्याकडून मोठी लाईन येते आहे. २०२४ मध्ये ती कळंबपर्यंत पोचली. येऊ दे, मी पहिल्या गाडीत बसेन. जुन्या स्टेशनाची भिंत तेवढी पाडू नका, एवढंच माझं मागणं होतं.

एक विचारायचं राहिलं. शकुंतलेच्या वेळेवर दारव्हा मोतीबाग स्टेशनाबाहेर तुमची एखादी गाडी उभी असायची का? उतरलेल्यांना घेऊन पुढं जाणारी? आठवत असेल तर इथंच लिहा, लेखात तुमच्या नावानं घालतो.