अल्बानिया म्हणे पेपरवाल्यांनी बुडवला!

मामाच्या गुंतवणूकवाल्या ग्रुपवरचा एक फॉरवर्ड कालपासून घरच्या ग्रुपवरही येऊन पडलाय. मजकूर असा: अल्बानियात 1997 साली भरघोस परतावा देणाऱ्या कंपन्या उत्तम चालल्या होत्या. 'कोहा योन' या विरोधी दैनिकाने अफवा उठवल्या, लोक घाबरले, कंपन्या बुडाल्या आणि चिडलेल्या ठेवीदारांनी त्या पेपरची कचेरी जाळली. म्हणून आपल्या स्कीमबद्दल पेपरात काही आलं तर लक्ष देऊ नका.

मामा, तुझ्या एजंटाला अल्बानिया नकाशात तरी दाखवता येतो का, विचार.

'उत्तम चालल्या होत्या' म्हणजे काय ते बघ. नोव्हेंबर 1996 मध्ये 'जाफेरी' या कंपनीने तीन महिन्यांत तिप्पट देऊ म्हणून जाहीर केलं. त्यावर 'सुदे' ही दुसरी कंपनी म्हणाली, आम्ही दोन महिन्यांत दुप्पट देतो. कागद घे. 1 लाखाचे दोन महिन्यांनी 2, मग 4, 8, 16, 32 आणि वर्षाअखेर 64 लाख. जाफेरीच्या हिशेबाने तर 81 लाख! एवढं कमावणारा धंदा अल्बानियाची राजधानी तिराना राहू दे, मुंबईत तरी आहे का? नव्याचे पैसे जुन्याला द्यायचे, एवढाच यांचा धंदा. हे मी म्हणत नाही, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे क्रिस्टोफर जार्विस म्हणतात. त्यांचा 2000 सालचा लेख नेटवर फुकट आहे. जाफेरी आणि 'पोपुली'कडे काही महिन्यांत जवळपास 20 लाख ठेवीदार आले. देशाची लोकसंख्या होती 35 लाख. लोकांनी घरं विकली, शेतकऱ्यांनी गुरं विकली. सगळ्या कंपन्यांचं मिळून देणं 1.2 अब्ज डॉलर, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास. आता नवे ठेवीदार आणणार कुठून? सुदेने त्याच नोव्हेंबरात पैसे देणं थांबवलं, जानेवारीत दिवाळं जाहीर केलं.

कचेरी जळली, हे खरं. पण कधी? 2 मार्च 1997 ला आणीबाणी लागली आणि त्याच रात्री तिरानातली कचेरी पेटवली गेली. साध्या वेशातल्या सशस्त्र माणसांनी. संशय गेला तो राष्ट्राध्यक्ष साली बेरिशा यांच्या गुप्त पोलिसांवर. ठेवीदारांवर नाही. वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिपही आली. ठेवीदारांचा राग सरकारवर होता, व्लोरा शहरात तर तो आधीच रस्त्यावर उतरला होता. आणि या पेपरच्या मागे सरकार काही तेव्हाच लागलं नव्हतं. 1994 मध्ये संरक्षण खात्याचा एक आदेश छापला म्हणून त्यांच्या बातमीदाराला 18 महिन्यांची शिक्षा झाली होती. पुढे माफी मिळाली.

बरं, पेपर काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. बेरिशाविरोधी होता, उघड. आणि 'वेफा'सारख्या कंपन्यांकडे खरी दुकानं, खरी मालमत्ता होती, हेही कबूल. पण देणं होतं त्याच्या मानाने ती किरकोळ निघाली.

फॉरवर्डमध्ये पुढे 'सरकारने सगळं तपासलं होतं' म्हणे. नाणेनिधीने 1996 मध्येच सावध केलं होतं. सरकारने उशिरा चौकशी समिती नेमली, तिची एकही बैठक झाली नाही.

'एवढा मोठा परतावा आपली स्कीम देतच नाही' असंही शेवटी लिहिलंय. दुप्पट-तिप्पट हे अगदी शेवटचं, मामा. त्याआधी या कंपन्या महिन्याला 4-5 टक्केच देत. तुझा एजंट किती म्हणालाय?