दोन बोटांची गादी

कोल्हापुरात हळू पळायची सोय नाही. जोरात पळा, कुणी काही म्हणत नाही. पोलीस भरतीची तयारी असेल असं समजून लोक वाट देतात. चाला, तरी हरकत नाही. शुगर निघाली असणार. पण या दोहोंच्या मधल्या वेगानं, किलोमीटरला आठ मिनिटं या हिशेबानं, रंकाळ्याच्या कडेनं निघालात तर संध्यामठ येईपर्यंत निदान तिघं विचारतात, "काय ओ, पाय मुरगाळला काय?"

हा वेग मी हौसेनं निवडलेला नाही. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हाफ, म्हणजे २१ किलोमीटर, पळायचं असं ऑफिसातल्या आम्ही तिघांनी जेवणाच्या सुट्टीत ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत माणूस काहीही ठरवतो. तिघांतल्या एकानं लगेच मोबाईलवर अभ्यास करून सांगितलं की आठवड्यातनं एकदा लांब पळायचं, आणि तेही इतकं सावकाश की पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. हा नियम ज्यानं केला तो कधी कोल्हापूरला आलेला नसणार. इथं गप्पा मारता येतायत म्हटल्यावर माणूस थांबतोच. पहिल्या रविवारी बारा किलोमीटरला मला सव्वादोन तास लागले. त्यातली पस्तीस मिनिटं गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, म्हैस पान्हवेपर्यंत.

सोमवारी जिना उतरताना गुडघे बोलायला लागले. दोन्ही एकदम नाही. एक बोलला की दुसरा दुजोरा द्यायचा.

ऑफिसातल्या अभ्यासकानं मग कागद घेऊन हिशेब मांडला. मिनिटाला १६० पावलं. सोळा किलोमीटरला आठाच्या वेगानं दोन तासांवर थोडं. म्हणजे वीस हजार पावलं. पळताना प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा वजनाच्या दोन-अडीचपट भार पायावर येतो. "तुझं वजन किती?" मी चौऱ्याऐंशी म्हणालो. खरं तर सत्याऐंशी आहे, पण कागद त्याचा होता. "म्हणजे दोनशे किलो धर. साखरेची चार पोती. वीस हजार वेळा." साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात जन्म गेल्यामुळे मला ती पोती लगेच दिसली, शिलाईसकट. गोडाऊनमधला हमालसुद्धा एका खेपेला एकच उचलतो.

"तुला मॅक्स कुशन लागतंय भावा," तो म्हणाला. म्हणजे जाड, मऊ तळाचे पळायचे बूट.

आता माझी अडचण अशी की मी पायताणाच्या गावात वाढलोय. दर दोन-तीन वर्षांनी आबा आम्हाला अंबाबाईच्या देवळाजवळच्या चप्पल लाईनीत न्यायचे आणि तिथं निवडीचं शास्त्र वेगळं होतं. चप्पल हातात घेऊन आबा ती वाकवायचे, तळ टिचकीनं वाजवायचे, शिवण बघायचे. खिळा एकही नसायचा, सगळी शिवण चामड्याच्या वादीची. मग माझ्या पायात सरकवून विचारायचे, "लागतीया का?" मी लागतीया म्हणालो की ते समाधानानं पैसे काढायचे. पहिल्या दिवशी पायाला बरी वाटणारी चप्पल म्हणजे कातडं हलकं, असा त्यांचा सरळ हिशेब. घरी आणून तिला तेल पाजायचं, आठ दिवस अंगठ्याला नि टाचेला फोड आणायचे, लंगडायचं. नवव्या दिवशी ती नमायची. किंवा आपण नमायचो. नक्की कोण ते मला अजून कळलेलं नाही. मग मात्र ती कर्र कर्र वाजत वर्षानुवर्षं चालायची.

अशा घरातला माणूस ढगासारखे मऊ बूट मागायला राजारामपुरीतल्या एका चकचकीत दुकानात शिरला.

संध्याकाळी गेलो होतो. दिवसभरात पाय थोडे सुजतात, पळतानाही सुजतात, तेव्हा बूट संध्याकाळीच घ्यावेत, आणि पळताना घालतो तेच मोजे नेऊन घ्यावेत, असं अभ्यासकानं बजावलं होतं. मोजे खिशात होते. धुतलेले होते, तरी ते बाहेर काढल्यावर दुकानातला पोरगा एक पाऊल मागं सरकला.

"सर, ड्रॉप किती बघताय?"

मी म्हटलं, "दोन हजार तरी करा."

पोरगं सोशिक होतं. त्यानं एक बूट आडवा धरून दाखवलं. टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक म्हणजे ड्रॉप. तो १० मिलिमीटर असला की पोटरीला जरा आराम आणि गुडघ्याला जास्त काम. चार-पाचच असला की गुडघ्याचा ताण उतरतो आणि पोटरीला नि टाचेमागच्या शिरेला चढतो. म्हणजे काहीतरी दुखणार हे ठरलेलं. कुठं दुखवून घ्यायचं तेवढं गिऱ्हाइकानं सांगायचं.

भिंतीवरचे बूट बघून मला आधी वाटलं की हे आजाऱ्यांसाठी असतील. पाव फुगून ताटाबाहेर यावा तसा प्रत्येकाचा तळ बाहेर आलेला. साध्या बुटाला नसते ती ही जाडी २००९ साली फ्रान्समधल्या दोघांनी होका नावाची कंपनी काढून चालू केली. डोंगर भरभर उतरताना पायाला दणका बसू नये म्हणून. त्या काळात पळणाऱ्या जगात उलटीच हवा होती, तळ जितका पातळ तितका बूट चांगला आणि नसलाच तर उत्तम. त्यामुळे हे बूट बघून लोक हसले. आता सगळ्याच कंपन्यांनी तळ फुगवलेत. टाचेखाली ४० मिलिमीटर, म्हणजे आडवी दोन बोटं. आत फोम. स्वस्तातला ईव्हीए, महागातला पीबा, आणि ज्याचं नाव पोरग्यालाही नीट सांगता येईना तो आणखी महाग.

मी मंडईतलं वांगं बघावं तसा अंगठ्यानं तळ दाबला. दबला, परत आला. घेतला घालून.

पहिला जोड इतका मऊ की उभं राहिल्यावर पाय आत गेला आणि जातच राहिला. एका पायावर उभं राहून बघा म्हणाला. राहिलो, घोटा डावीकडं, मी उजवीकडं, आणि हात पोरग्याच्या खांद्यावर. मऊपणालाही मर्यादा लागते हे तिथं कळलं. थकल्यावर, पंधराव्या किलोमीटरला, हा डुगडुगता पाय सांभाळणार कोण? म्हणून चांगल्या जाड बुटाचा तळ रुंद ठेवतात आणि पाऊल फोमच्या कडांमध्ये थोडं खाली बसवतात, परातीत बसल्यासारखं.

दुसरा जोड होडीच्या आकाराचा. तळ इतका जाड झाला की तो चवड्यापाशी दुमडत नाही, मग तो पुढून वर उचलून गोल करतात, म्हणजे पाऊल दुमडण्याऐवजी गडगडतं. पळताना छान असेल. पण मी नुसता उभा होतो आणि बूट मला पुढं पुढं ढकलत होता. काउंटरच्या दिशेनं. विक्रीच्या दृष्टीनं एवढा हुशार बूट मी पाहिलेला नाही.

तिसऱ्यात पाय शिरेना. चाळीस वर्षं अंगठ्याच्या चपलेत गेलेला पाय आहे. अंगठा आणि शेजारचं बोट यांत एक रुपयाचं नाणं उभं राहील एवढी फट. बुटाच्या रुंदीला इंग्रजी अक्षरं असतात. पुरुषांच्यात डी म्हणजे नेहमीची, मग टू ई, मग फोर ई. पोरग्यानं माझं पाऊल मापाच्या पट्टीवर ठेवलं, बघितलं, आत गेला, दोघांना घेऊन आला. तिघांनी मिळून पुन्हा बघितलं. "सर, तुमचा पाय फोर ईच्या बी भायेर हाय," असं तो कौतुकानं म्हणाला. इतका वेळ सर-सर करणारं पोरगं पहिल्यांदाच आपल्या भाषेत बोललं.

एवढ्यात अभ्यासकाचा फोन. "एवढे पैसे घालू नको. अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी पळून ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकला." हाच माणूस आठवड्यापूर्वी मला साखरेची पोती मोजून दाखवत होता. मी दुकानातल्या दुकानात मोबाईलवर शोधलं आणि त्याला परत फोन लावला. बिकिला रोमला २ तास १५ मिनिटांत आला हे खरं. पण १९६४ ला टोकियोत बूट घालून पळाला, पुन्हा जिंकला, आणि तीन मिनिटं लवकर आला. पलीकडून आवाज बंद. फोन ठेवला तेव्हा सगळं दुकान माझ्याकडं बघत होतं आणि आता बूट न घेता बाहेर पडणं शक्य नव्हतं.

चौथा जोड बसला. टू ईच, पण पुढून ऐसपैस. बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा, टाच घट्ट. मऊ, पण हरवून जाण्याइतका नाही. टाचेखाली ४२ मिलिमीटर. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनं २०२० साली रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ४० ची मर्यादा घातली आहे, तेव्हा माझे बूट नियमात बसत नाहीत. मी पदकाच्या जवळपास गेलो तर कोणीतरी हरकत घेईल, एवढीच ती काय भीती. किंमत साडेपंधरा हजार. फोम साधारण पाच-सातशे किलोमीटरनंतर मरतो म्हणे. पान्हवलेली म्हैस जास्त टिकते.

"घरात घालून फिरा सर. तळाला रस्त्याची माती लागली न्हाई तर सात दिवसांत बदलून देतो."

गल्लीत शिरलो तर कट्ट्यावर वस्ताद बसलेले. वय पंच्याहत्तर, कान फुटलेले, एके काळी खासबागेत कुस्त्या केलेले. यांच्यासमोरून हा खोका न्यायचा म्हणजे मला संकट वाटत होतं. "काय आणलंस?" दाखवला. त्यांनी बूट हातात घेतला. त्या हातात तो बाहुलीचा दिसत होता. अंगठ्यानं तळ दाबला, बराच वेळ दाबून धरला, सोडला. मी मनातल्या मनात वाक्यं तयार ठेवली होती.

"आखाड्याच्या हौद्यातली माती अशीच लागती पायाला," वस्ताद म्हणाले. "रोज पहाटं खणायची. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळायची. आपटला तरी हाड वाजू ने म्हणून. आम्ही खाली घालत हुतो, तुम्ही बुटात भरलीया." मग खोक्यावरची किंमत वाचून बूट परत देत म्हणाले, "एवढ्यात अख्खा हौदा मळून झाला असता."

घरी गेल्यावर खरं संकट होतं. बूट घरात घालून फिरायचं. आमच्याकडं चपला उंबऱ्याच्या आत आल्याचं गेल्या तीन पिढ्यांत उदाहरण नाही. बायकोला मी कोऱ्या तळाचं, सात दिवसांचं, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "देव्हाऱ्याकडं जायचं न्हाई." तेवढ्या परवानगीवर मी सोप्यातनं माजघरात, माजघरातनं परत सोप्यात असा गडगडू लागलो. गुडघ्याला काही जाणवत नव्हतं. फरशी आहे की नाही हेही जाणवत नव्हतं. दहाव्या फेरीला इतकं हलकं वाटलं की त्याच लयीत चहा सांगायला स्वयंपाकघराकडं निघालो.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. स्वयंपाकघराची चौकट सागवानी आणि बुटकी. गेली पंचवीस वर्षं मी तिच्याखालनं न वाकता जातो, बरोब्बर दोन बोटं अंतर ठेवून.

आवाज शेजारी ऐकू गेला. बायको बाहेर आली, माझ्या कपाळाकडं बघितलं, मग चौकटीकडं, मग खाली बुटांकडं, आणि कुणी काही न सांगता तिला बेचाळीस मिलिमीटर म्हणजे किती ते समजलं. हळदीची वाटी घेऊन येताना म्हणाली, "गुडघ्यासाठी घेतलेत न्हवं?"

बूट मी बदलले नाहीत. पुढच्या रविवारी सोळा किलोमीटर झाले, शिवाजी पुलावरनं पन्हाळ्याच्या रस्त्यानं जाऊन परत, आणि सोमवारी जिना उतरताना गुडघे गप्प होते. पोटरी मात्र बोलली. ड्रॉप पाचचा घेतलाय. टेंगूळ उतरायला पोटरीहून जास्त दिवस लागले. दरम्यान बायकोनं माझ्या जुन्या बुटांतली आतली गादी कापून तिची पट्टी चौकटीला चार खिळ्यांनी ठोकली.

परवा इचलकरंजीहून मेव्हणा आला. तो माझ्यापेक्षा चांगला तीन बोटं उंच, आणि लग्नापासून प्रत्येक सणाला त्या चौकटीवर आपटत आलाय. सवयीप्रमाणं आपटला. डोळे मिटून थांबला. काही झालं नाही. मग मान वर करून त्यानं ती पट्टी अंगठ्यानं दाबून बघितली, सोडली, पुन्हा दाबली.

"दाजी," तो म्हणाला, "कितीला बसलं?"

साडेपंधरा हजार, असं मी सांगितलं.