साधंच काहीतरी

माझा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२ आला आणि घरात तो बोर्डाच्या निकालासारखा वाचला गेला. आईने चष्मा लावून रिपोर्ट दोनदा पाहिला आणि विचारलं, "कितीपैकी?"

आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र धीर दिला. "विशेष काही करायचं नाही हो. महागाचं काही आणायचं नाही. घरातलंच साधं जेवण. भाकरी, पालेभाजी, कडधान्य, त्या त्या मोसमात बाजारात येईल ते. अर्धं ताट भाज्या आणि फळं. मीठ माणशी दिवसाला एक लहान चमचा, तेल चार-पाच चमचे." मी खुशीत घरी आलो आणि हे सगळं बायकोला सांगितलं. सांगताना "साधंच आहे गं" असं दोनदा म्हणालो. ती ऐरोलीच्या ऑफिसातून, ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून नुकती आली होती. खांद्यावरची पर्सही न उतरवता म्हणाली, "साधंच आहे ना? मग हा महिना तू बघ. तीन दिवस घरूनच तर काम करतोस."

सुरुवात मेथीने केली. जांभळी नाक्यावरून चांगली भरगच्च जुडी आणली. रिक्षावाल्याने तिच्याकडे तिसऱ्या सीटच्या नजरेने पाहिलं. दुपारच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून निवडायला बसलो. मध्येच साहेबांनी विचारलं, "हा कट्कट् आवाज कसला?" म्हटलं, "मुद्दे टाइप करतोय सर." पाऊण तासाने वर्तमानपत्रावर देठांचा डोंगर आणि टोपलीत पानांची टेकडी. ही टेकडी कढईत पडली, तिने एक सुस्कारा सोडला आणि ती वाटीभर झाली. चौघांचं अर्धं ताट भरायला अशा किती जुड्या लागतील याचा हिशेब केला. उत्तर नोकरी सोडण्याच्या दिशेने जात होतं, म्हणून थांबलो.

मग नाचणी. दर १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, म्हणजे दुधाच्या जवळपास तिप्पट. हे मी जेवायच्या टेबलावर जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं केलं, तेव्हापासून नाचणीचं मिलेट झालंय आणि ती घोडबंदर रोडला झिप लावलेल्या पाकिटात राहायला गेलीय. आई रत्नागिरीकडची. तिने पाकीट उलटंसुलटं करून किंमत शोधली आणि म्हणाली, "आम्ही नाचणी खायचो ती तांदूळ पुरायचा नाही म्हणून. ही खायची तर तांदूळ विकावा लागेल."

नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पिठाला चिकटपणा नाही. म्हणून उकळत्या पाण्यात उकड काढून ती चांगली मळायची असते. ही माहिती मला भाकरीनंतर मिळाली. मी नळाचं पाणी घेतलं होतं. तव्यावर एक भाकरी गेली आणि उतरताना वाटण्या झालेल्या भावांसारखी पाच ठिकाणी गेली. चिरंजीवांनी रंग पाहून ती चॉकलेटची समजून पहिला घास मोठा घेतला. त्यानंतर तो माझ्याशी दोन दिवस मोजकंच बोलला.

कडधान्याचं फार सांगत नाही. वालाचं बिरडं. साहित्य: वाल. कृती: तीन दिवस. भिजवा, मोड आणा, मग एकेक दाणा सोला. बोटांची टोकं सुरकुतली आणि ऑफिसच्या गेटवरच्या मशीनने माझा अंगठा ओळखायला नकार दिला. आई शेजारी बसून टीव्ही बघता बघता, एकदाही खाली न पाहता, माझ्या दुप्पट सोलत होती.

असं सगळं चालू असताना पहिला पाऊस पडला आणि स्टेशनकडून येताना मला शेवळं दिसली.

फुटपाथवर मावश्या बसल्या होत्या. पळसाच्या पानांवर टाकळा, आणि त्याशेजारी काळपट-जांभळट कोंबांच्या जुड्या. हे तर तंतोतंत बाईंच्या यादीतलं! मोसमातलं, जवळच्या रानातलं, खत नाही, फवारणी नाही, आणि शोधायचीही गरज नाही, चालता चालता पायातच आलेलं. लहानपणी शेजारच्या सीकेपी काकूंकडे सोडे घातलेली शेवळाची भाजी खाल्ली होती. तिची चव आठवत होती. कृती आठवत नव्हती, पण भाजीला अशी काय कृती असणार? चार जुड्या घेतल्या. मावशींनी पिशवीत मूठभर हिरवी, बोराएवढी फळं टाकली. "दादा, हे पन असू द्या." मी समजलो, कोथिंबिरीसारखं वरती फुकट देतात ते असेल. फुकट मिळालेल्या वस्तूकडे बघायची आपली जी पद्धत आहे, तिला अनुसरून ती फळं फ्रिजच्या दारात गेली.

आई संध्याकाळी कौपिनेश्वराच्या देवळात गेली होती. म्हटलं, येईपर्यंत चकित करू. शेवळं चिरली, कांद्यावर परतली, भिजवलेली चणाडाळ घातली. तेल चमच्याने मोजून. वास असा सुटला की चिरंजीव स्वतःहून ताटं मांडू लागला. एवढ्यात आईही आली. सगळे बसलो. मी मुद्दाम काही बोललो नाही. कौतुक आपण होऊन यावं.

पहिल्या दोन घासांना आलंही. तिसऱ्या घासाला बायकोने घसा खाकरला. मग चिरंजीवाने. मला वाटलं, ठसका. मग माझ्या स्वतःच्या घशात कुणीतरी बारीक काथ्या घेऊन घासायला सुरुवात केली. चिरंजीव जीभ बाहेर काढून तिच्यावर वारा घालत होता. बायकोला तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. तिने तो घेतला आणि समोरच्याला फक्त "ख्रर्र" असं उत्तर दिलं.

आईने अजून भाजीला हात लावला नव्हता. तिने शांतपणे विचारलं, "काकडं घातलीस ना?"

"कुठली काकडं?"

ती उठली, फ्रिजचं दार उघडून बघितलं आणि परत येऊन आमच्या प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन आमसुलं ठेवली. चोखा म्हणाली. पंधरा मिनिटं घरात कुणी बोललं नाही. आमच्या घरात एवढी शांतता अलीकडे फक्त वीज गेल्यावर असते.

रात्री अकराला मी वाचून काढलं. शेवळं सुरणाच्या कुळातली. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात. त्यावर उतारा म्हणून आंबट लागतं, म्हणून काकडं ठेचून घालायची. शिवाय आतल्या दांड्याचा बुडाकडचा पिवळा भाग काढून टाकायचा. मी तो बारीक चिरून, पौष्टिक म्हणून, आधी घातला होता. अळूला आपण चिंच घालतो ते याचसाठी, हेही मला त्याच रात्री कळलं. बेचाळीस वर्षं मी ती चिंच चवीला समजत होतो.

त्या रात्री जेवायला आईने वरणभात केला. कुकरच्या तीन शिट्ट्या, वर हिंग-हळद, लिंबाची फोड. वीस मिनिटं. तिने तूप वाढायला चमचा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुझ्या बाईंना चालतं का?" घसा बसला होता, त्यामुळे मी मान हलवली. कुठल्या दिशेने ते नक्की कळलं नसावं. तिने दोन चमचे वाढलं.

पुढच्या रविवारी बायकोबरोबर त्याच रस्त्याने जात होतो. त्याच मावशी, तशाच जुड्या. मला बघून म्हणाल्या, "दादा, झाली का भाजी? काकडं घातली ना?"

मी म्हटलं, "हो तर."

माझा आवाज अजून पूर्ण सुटला नव्हता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग दोन जुड्या बांधल्या, त्यावर काकडांची चांगली ओंजळ टाकली आणि पिशवी माझ्या पुढे आलेल्या हाताला वळसा घालून बायकोकडे दिली.